शेणाची मंजुरी

…आणि वर ती गाय हसते हो! नाही नाही, आमची नाही. आमच्या अडतीस गाईंपैकी एकही हसत नाही, गाईला हसायला झालंय काय? ती कॉम्प्युटरमधली. पडद्याच्या कोपऱ्यात बसलेली, गुलाबी गालांची, तोंडात पिवळं फूल धरलेली, आणि तुम्ही काही चुकीचं भरलंत की मान डोलावते आणि हसते. मला किळस येते. तुम्हाला सांगतो, पस्तीस वर्षं कोपरापर्यंत शेणात हात घातलेत मी, अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढलंय, नळीत कुजलेला उंदीर बोटानं उकरून काढलाय, आणि मग हात धुऊन जेवायला बसलोय, दोन घास जास्तच खाल्लेत. पण ती गाय हसली की मला ताटावरून उठावंसं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, गोठेवाल्याला कॉम्प्युटरचं काय पडलंय? तेच तर! दोन वर्षांपूर्वी ओढ्याच्या वरच्या अंगाला एकाचा शेणाचा हौद फुटला, सगळं वाहत पाण्यात गेलं, मासे पोट वर करून तरंगले. वाईट झालं, मी कुठं नाही म्हणतोय? पण केलं त्यानं आणि निस्तरतोय कोण? खत कार्यालयानं नियम काढला. शेतात शेण टाकायचं तर आधी आराखडा पाहिजे. कुठल्या शेतात, कुठल्या पिकाला, किती आणि कधी, हे सगळं त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचं, मग ते विचार करणार आणि मंजुरी देणार. शेणाला मंजुरी! माझ्या गाईचं शेण, माझ्या शेतात, माझ्या ट्रॅक्टरनं न्यायचं, आणि मंजुरी देणार कोण, तर जिनं जन्मात एक पाटी उचलली नाही ती फूलवाली. बरं, मंजुरीशिवाय टाकलं किंवा हौद ओसंडला, तर दुसऱ्या दिवसापासून डेअरीची गाडी दारात येणार नाही. अडतीस गाईंचं दूध मग काय मी अंघोळीला घेऊ?

आणि हौद तर भरत आलेला. मी हातानंच मोजतो. काठाशी गुडघे टेकायचे आणि हात आत सोडायचा. त्या दिवशी कोपरापासून बोटापर्यंत अख्खा हात मोकळा होता. रोज दोन बोटं चढतं. एका हाताला आडवी बोटं बसतात चोवीस, म्हणजे बारा दिवस. हा हिशोब मला सॉफ्टवेअरशिवाय आला. बारा दिवसांत मंजुरी मिळवायची, मक्याच्या शेतात शेण टाकायचं, की मी मोकळा. आणि गाई? गाई थांबतात होय? त्यांना काय सांगू, बायांनो, तुमचा अर्ज विचाराधीन आहे, जरा कळ काढा?

तर बसलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर, समोर आमची ही, कारण टाइप करायला तिला येतं, आणि बाजूला मी, कारण सांगायला मला येतं. पहिलाच प्रश्न, जनावरं किती आणि कुठल्या प्रकारची. यादी होती आत, तिच्यातूनच निवडायचं. दुभती, गाभण, भाकड, कालवड, विक्रीसाठी. सदतीस गाई बसल्या त्यात, पण आमची एक आहे, तिला आम्ही आजीच म्हणतो, अठरा वर्षांची, दात गेलेत, दूध आटून जमाना झाला, नुसती दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला बघते. तिला कुठं घालायचं? शेवटी एक ‘इतर’ होतं, ते दाबलं, तर म्हणतं स्पष्टीकरण द्या, किमान पन्नास अक्षरं. हिनं लिहिलं, म्हातारी आहे, दूध देत नाही, घरचीच आहे, शेण मात्र वेळेवर देते. ते सॉफ्टवेअर म्हणतं (आणि हे त्या गोड आवाजात ऐका हं, कारण ते बोलतंही!), ‘क्षमस्व, या जनावराचा उद्देश स्पष्ट नाही.’ ही माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमच्याबद्दल विचारलं असतं तर मी काय लिहिणार होते?”

शेवटी आजीला ‘विक्रीसाठी’मध्ये घातलं, तेव्हा पुढचं पान उघडलं. तुम्हाला खरं सांगतो, त्या संध्याकाळी चारा टाकताना मला आजीच्या तोंडाकडे बघवेना.

मग पुढं, एक गाय रोज शेण किती देते ते किलोत सांगा. मी म्हटलं, लिही, भरपूर. नाही घेतलं. गाय हसली. मी म्हटलं, अगं, उन्हाळ्यात वेगळं, हिरवा चारा असला की वेगळं, नवा डॉक्टर गोठ्यात आला की भीतीनं आणखी वेगळं, एक आकडा कसा सांगू? पण आकडाच पाहिजे. म्हणून बादली घेऊन अर्धा दिवस गाईंच्या मागे उभा राहिलो. अहो, वेळेवर शेण देणाऱ्या गाई त्या दिवशी मागे वळून वळून बघताहेत आणि देताहेत काय तर काही नाही! त्यांनाही लाज असते, एवढं मला नवं कळलं. परत आलो तर पडद्यावर पाटी, ‘आपण विश्रांती घेत आहात असे दिसते. सुरक्षिततेसाठी माहिती पुसण्यात आली आहे.’ विश्रांती! बादली धरून मी विश्रांती घेत होतो! सगळं पहिल्यापासून, आजीच्या उद्देशासकट. असे तीन दिवस गेले, सहा बोटं चढली. आणि गाई? गाई थांबतात होय?

माहिती भरून संपली तेव्हा कार्यालयातली बाई नमुन्यांच्या पिशव्या घेऊन आली. चांगली आहे हो बाई, वाईट नाही बोलणार, पण पांढरे बूट घालून गोठ्यात येणाऱ्या माणसाचं माझ्या डोक्यात काही बसत नाही. ती सगळं नीट समजावून गेली. “काका, शेतात फिरून पंधरा ठिकाणांहून थोडी थोडी माती घ्या, एकत्र कालवा, त्यातली मूठभर या पिशवीत. आणि हौद चांगला ढवळून एक बाटली शेण. एवढंच.” एवढंच! लहान मुलाला समजेल असं सांगितलं तिनं. मी मान डोलावली. समजलं होतं मला, समजलं नाही अशातला भाग नाही.

आणि इथं माझ्या हातून जे झालं ते तुम्हाला सांगतो, पण कृपा करून बाहेर बोलू नका.

मी पिशवी घेऊन शेतात गेलो. पहिल्या ठिकाणी कुदळ मारली, तर माती कशी, जरा चोपण, चिकट. दुसऱ्या ठिकाणी खडे निघाले. आता तुम्हीच सांगा, ही पिशवी जाणार प्रयोगशाळेत, तिथं शिकलेली माणसं ती काचेखाली धरणार, वर माझा नंबर लिहिलेला, आणि आत काय, तर खडे? फोटो काढायचा म्हटला की माणूस भांग पाडतो की नाही? मी सरळ गोठ्यामागं गेलो. तिथं आमच्या वडिलांचा उकिरडा होता चाळीस वर्षं. ती माती बघाल तर वेडे व्हाल, काळी, भुसभुशीत, लोण्यात बोट गेल्यासारखी कुदळ जाते, एका मुठीत पाच गांडुळं. पिशवी भरली. आणि शेण? हौदातलं पातळ पाणी कोण पाठवेल? मी तीन वर्षं मुरलेल्या ढिगाच्या पोटातलं काढलं, काड्या निवडून टाकल्या, बाटली बाहेरून पुसली. ही म्हणाली, “अहो, त्यांनी पंधरा ठिकाणची सांगितली होती.” मी म्हटलं, तू गप्प बस, आपली जमीन काय आहे ते कळू दे त्यांना.

कळलं त्यांना!

तिसऱ्या दिवशी निकाल आला. ही बटण दाबते आणि आमची सातही एकरं पडद्यावर लालभडक. एक कोपरासुद्धा हिरवा नाही. आणि तो गोड आवाज, ‘अभिनंदन! आपल्या जमिनीत स्फुरद, म्हणजेच फॉस्फरस, अतिशय मुबलक आहे. आपल्या शेणखतात स्फुरद अतिशय मुबलक आहे. शिफारस केलेले शेणखत, शून्य. पुढील आढावा, अकरा वर्षांनंतर.’ अकरा वर्षं! एवढ्या काळात आमच्या कालवडींच्या नाती दूध द्यायला लागतील! आणि खाली बारीक अक्षरांत, ‘मक्यासाठी नत्र कमी पडेल, कृपया पिशवीतले विकत घ्यावे.’ म्हणजे घरातलं खत टाकायचं नाही आणि दुकानातलं आणून टाकायचं. तुम्ही मला सांगा, अडतीस गाईंचा मालक खताच्या दुकानात रांगेत उभा राहतो, हे दृश्य बघवेल का कुणाला? मला ओकारी आली. शब्दशः सांगतो, उठून बाहेर गेलो.

मग त्या बाईला फोन केला. म्हटलं, बाई, तुमचं यंत्र बिघडलंय. ती म्हणाली, “काका, यंत्र जे दिलं त्याचंच उत्तर देतं. नमुना कुठून घेतला होता?” आता खरं बोलायची वेळ हीच होती, नाही का? एक वाक्य. बाई, मी एकाच ठिकाणची घेतली. झालं असतं. पण ती किती सहज विचारत होती, जशी काही माझ्याकडून चूक होणारच! आणि माझ्या तोंडून गेलं, “पंधरा ठिकाणांहून. सोळा झाली असतील.” सोळा! खोटं बोलायचं ते बोलायचं, वर एक जादा! ती म्हणाली, मग निकाल बरोबर आहे. पुन्हा नमुना देता येईल, पण नवी तपासणी एकवीस दिवस. आणि हौदात मोकळं राहिलं होतं वीतभर. वीतभर म्हणजे बारा बोटं, सहा दिवस. आणि गाई…

नाही, तुम्हीच म्हणा. थांबतात होय?

बाई म्हणाली, घाबरू नका काका, शेण बाहेर देता येतं, जवळच्या एखाद्या शेताला गरज असेल तर सॉफ्टवेअरच शोधून देतं, तुम्ही फक्त ते हिरवं बटण दाबा. दाबलं. पडद्यावर चाक फिरलं. गाईनं फूल एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं, आणि पाटी आली, ‘तुमच्यासाठी उत्तम जुळणी सापडली आहे!’ आणि नकाशावर, आमच्या लालभडक सात एकरांना चिकटून, एक शेत हिरवंगार लुकलुकतंय. कुणाचं असेल? अहो, कुणाचं असणार! बांधकोऱ्याचं!

हा बांधकोऱ्या म्हणजे आमचा शेजारी. हे नाव मी ठेवलंय, पण आता त्याची बायकोसुद्धा त्याला वेगळं काही म्हणत असेल असं मला वाटत नाही. दरवर्षी नांगरणीला आमच्या दोघांमधला बांध तो चार बोटं कोरतो. चार बोटं, दिसत नाही कुणाला. नऊ वर्षांपूर्वी मी मोजून दाखवलं, तेव्हा तोंडावर म्हणाला, बांध पावसानं वाहतो. पाऊस काय फक्त तुझ्याकडेच वाहतो? तेव्हापासून आमचं बोलणं बंद. त्याच्याकडे एक गाय नाही, एक शेळी नाही, जमीन सगळी भुकेली, आणि माझ्या गाईंचं शेण, जे मी माझ्या मक्याला द्यायचं, ते ह्याला? उत्तम जुळणी! मी दोन दिवस गेलो नाही. दोन दिवस हौदाच्या काठाशी गुडघे टेकून बसत होतो. आठ बोटं राहिली. शेवटी ही म्हणाली, “जाता का? का मी गाईंना सांगून येऊ, थांबा म्हणून?”

गेलो.

दारात बाकावर बसला होता, फावड्याला धार लावत. ज्यानं तो माझा बांध कोरतो, तेच फावडं. मला बघून हात थांबला नाही. नऊ वर्षांनी बोलायचं म्हणजे सुरुवात कुठून करायची? मी म्हटलं, हौद भरलाय. तो म्हणाला, वास येतोय. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, “तुझी माती लाल आली ना? येणारच. गोठ्यामागची दिलीस. मी बांधावरून बघत होतो.”

मी म्हटलं, आणि तुझी एवढी हिरवी कशी? तर म्हणतो, “मी खडकाच्या कोपऱ्यातली दिली. कार्यालयवाले काही मागायला आले की मी तीच देतो. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही.”

बघा म्हणजे! मी सगळ्यात चांगली दिली, ह्यानं सगळ्यात वाईट दिली, आणि त्या लाखमोलाच्या यंत्रानं दोघांचंही खरं मानलं. आमच्या गावच्या एखाद्या आंधळ्या माणसानंसुद्धा चव घेऊन सांगितलं असतं की दोघंही लबाड आहेत. पण यंत्राला चव कुठाय? त्याला काय, आकडा दिला की झालं. मला त्या क्षणी बांधकोऱ्याचीसुद्धा एवढी किळस आली नाही जेवढी त्या सॉफ्टवेअरची आली.

सही करशील का, मी विचारलं. विचार करून सांगतो, म्हणाला. दोन दिवस विचार केला त्यानं! फुकटचं शेण घ्यायला दोन दिवस विचार! मला ठाऊक होतं, तो विचार करत नव्हता, माझी बोटं मोजत होता. चार बोटं राहिली तेव्हा आला, आणि अटी घेऊन आला. वाहतूक माझी, ट्रॅक्टर माझा, पसरायचंही मीच, गुठळ्या नकोत. आणि शेवटची अट तर ऐका. “बांधाकडच्या कडेला जरा दाट टाक. तिथली माती नवी आहे, तिला गरज आहे.”

नवी आहे! अहो, ती माझी माती! नऊ वर्षांत चार चार बोटांनी माझ्याकडून नेलेली! तिला मी माझं शेण घालायचं, दाट, कारण ती त्याच्याकडे नवीन आली आहे! माझ्या हातात काही असतं तर मी… पण हातात काय होतं? चार बोटं होती. मी हो म्हटलं.

करार त्या सॉफ्टवेअरमध्येच करायचा. ही टाइप करत होती, बांधकोऱ्या माझ्याच खुर्चीत बसून माझ्याच कपातून पाणी पीत होता. कालावधीच्या चौकटीत यंत्रानं आपोआप भरलं, अकरा वर्षे. हिनं पुसायचा प्रयत्न केला, तर आवाज म्हणतो, ‘हा कालावधी आपल्या जमिनीच्या आढाव्याशी जोडलेला आहे.’ म्हणजे मला जितकी वर्षं बंदी, तितकी वर्षं त्याला रतीब. बांधकोऱ्या म्हणाला, यंत्राच्या पुढं आपण काय बोलणार? आणि सही केली. एवढ्या वर्षांत त्याला एवढ्या चटकन काही करताना मी पहिल्यांदा बघितलं. मंजुरी आली तेव्हा हौदात दोनच बोटं मोकळी होती. पडद्यावर फुलं उधळली आणि ती गाय, सांगताना लाज वाटते, नाचली.

मग मी टाकलं त्याच्या शेतात. दोन दिवस, टँकरवर टँकर. मनात ठरवलं होतं, वाईट पसरायचं, इथं ढीग, तिथं कोरडं. पण नाही हो जमलं! पस्तीस वर्षांचा हात, तो चुकीचं पसरतच नाही. एकसारखं गेलं, साय धरल्यासारखं, बांधाकडे दाट. तो बांधावर उभा राहून बोटानं दाखवत होता, इथं राहिलं बघ, तिथं राहिलं बघ. हौद रिकामा झाला, डेअरीची गाडी चुकली नाही, एवढं मान्य करायला पाहिजे. आणि आपल्या शेतात मी काय टाकलं? पांढरे दाणे. पिशवीतले. हुंगून बघितले, वासच नाही. ज्याला वास नाही त्यानं काय उगवणार? माझा मका आला छातीपर्यंत. त्याचा मका माझ्या डोक्यावरून हातभर. बांधाकडचा तर आणखी वर.

मागच्या आठवड्यात ती बाई वर्षाच्या पाहणीला आली. मी ठरवलंच होतं या वेळी. हिच्यासमोर तीन दिवस घोकलं होतं ते वाक्य, बाई, माझं चुकलं, मी माती एकाच ठिकाणची दिली. एवढं बोललं की नवा नमुना, एकवीस दिवस, आणि माझं शेण माझ्या शेतात. हौद निम्मा रिकामा, घाईसुद्धा नाही. बाईनं स्वतःच विचारलं, “काका, काही बदल करायचाय का? आधीचा नमुना चुकला असं लिहून दिलंत तर नवा घेता येईल.” ही दारात उभी, मला मानेनं खुणावतेय, बोला. बांधकोऱ्या पलीकडे मक्यात उभा, पान हलत नव्हतं एवढा शांत. मी तोंड उघडलं.

आणि बाई म्हणाली, “नाहीतर राहू दे. खरं तर तुमचा निकाल आम्ही मोठा करून कार्यालयाच्या भिंतीवर लावलाय. या भागातली तीनशे बारा शेतं तपासली, त्यात तुमची माती पहिली आली आणि शेणखतही पहिलं. साहेब विचारत होते, हे कसं केलंत?”

तीनशे बारांत पहिला. दोन्हीत.

मी तोंड उघडलेलंच होतं. म्हटलं, “मेहनत आहे, बाई.”

आता दहाच वर्षं राहिली.